खिडकीकडची कूस

वृद्धाश्रमात सगळे जिला मावशी म्हणत, तिला एकाच गोष्टीचा गर्व होता आणि तो तिला शोभतही होता. एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालच्या, अंथरुणाला खिळलेल्या एकाही माणसाच्या अंगाला पडून पडून जखम झाली नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, चादरीला सुरकुती म्हणून राहू द्यायची नाही. नव्या बायकांना शिकवताना ती त्यांच्या नाकी नऊ आणायची. "कातडी बोलत नाही गं बायांनो," ती म्हणायची, "तिची विचारपूस आपणच करायची."

पाच नंबरच्या खोलीत शिंपीण आजी होत्या. चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई. पक्षाघाताच्या झटक्याने उजवं अंग लुळं पडलं होतं, तिथे दुखलेलं धड कळतही नसे. पण जिभेची धार शाबूत होती. उजव्या कुशीवर झोपवलं की त्यांच्यासमोर खिडकी यायची आणि खिडकीतून रस्त्यापलीकडचं एका तरुण शिंप्याचं दुकान दिसायचं. डाव्या कुशीवर नुसती भिंत. आजी दिवसभर त्या शिंप्याची शिकवणी घेत, त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. "मेल्याने परत कापड आडवं कापलं बघ!" आणि वळवायची वेळ झाली की, "थांब गं, कॉलर लावतोय. तेवढी होऊ दे."

मावशीलाही भिंतीकडे तोंड करून पडलेलं माणूस बघवत नसे. एका कॉलरीच्या दोन कॉलरी झाल्या, अर्ध्या तासाचे चार तास. कूस बदलल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर मात्र ती वेळच्या वेळी 'डावी कूस' लिहून सही ठोकत होती.

एका सकाळी अंग पुसताना आजींच्या उजव्या खुब्यावर तिला लाल चट्टा दिसला. तिने बोट दाबून उचललं. जागा क्षणभर पांढरी पडायला हवी होती. ती लालच राहिली. म्हणजे आत जखम धरू लागली होती. तेल लावून चोळावं म्हणून हात शिवशिवले, पण अशा जागी चोळलं की आतून आणखी बिघडतं, हे तिनेच शंभरदा शिकवलेलं.

कुणी पाहिलं नव्हतं. गाऊन खाली ओढला असता तर गोष्ट झाकली गेली असती आणि वयावर खापर फुटलं असतं. पण तक्त्यावरची 'डावी कूस' वाचून पुढच्या पाळीची बाई आजींना पुन्हा त्याच उजव्या कुशीवर झोपवणार होती. मावशीने आजींना डावीकडे वळवलं, भिंतीवरचा तक्ता काढला आणि मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवला.

"सिस्टर, यातलं अर्धं मी खोटं लिहिलंय."

सिस्टर खोलीत आल्या, त्यांनीही बोट दाबून पाहिलं. "आठ दिवस उजवी कूस बंद. आणि मावशी, तुमच्या एकटीची सही आता चालणार नाही. ही जागा फुटली तर तुम्ही कपडे धुवायच्या खोलीत."

मावशीचे कान तापले. एकोणीस वर्षं एका वाक्यात गेली, आणि वाईट हे की वाक्य चुकीचं नव्हतं.

आजींना आता एकदा भिंत, एकदा छत. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस त्या मावशीशी चकार शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीकडे वळवून मावशी खिडकीशी उभी राहिली आणि कुणी न विचारताच सांगू लागली, "पेन्सिल शोधतोय. ती कानावरच आहे."

मग भिंतीकडून आवाज आला, "मेला."

तिथून रोजचं सुरू झालं. मावशी बघायची, आजी चुका काढायच्या. शिंप्याच्याही आणि मावशीच्याही. तिला काज आणि टीप यांतला फरक कळत नव्हता.

आठव्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. आजींचा हिरमोड करायचा मावशीला धीर झाला नाही. "कोटाला अस्तर लावतोय," ती म्हणाली.

"आज? आज त्याची सुट्टी असते." आजी म्हणाल्या. "एकदा माझ्या मायेपोटी खोटं लिहिलंस, तेवढं पुरे झालं गं. दिसतंय ते सांग."

मावशीने नीट बाहेर पाहिलं. "कुलूप आहे, आजी. पायरीवर मांजर झोपलंय."

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"मग लक्ष ठेव. दोन तास झाले की वळव त्याला."

मावशीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने पदराने डोळे पुसले, हात धुतले, आजींचा गाऊन सारला. चट्ट्यावर बोट दाबलं, उचललं.

"काय दिसतंय?" आजींनी विचारलं.

"पांढरं पडलं, आजी."

"खरं?"

"सिस्टरांना बोलावते," मावशी म्हणाली. "त्यांनाही बघू दे."