वरून टाकलेला रुमाल

मुलीला पोहण्याच्या तलावावर नेताना मी यादीवरूनच पिशवी भरते: टोपी, कोरडे कपडे, केळी, छोटा रुमाल. रुमाल उडीसाठी. उडीच्या मनोऱ्यावर चढून तिनं अंग टिपायचं, म्हणजे हवेत गिरकी घेताना ओले पाय हातातून निसटत नाहीत. मग रुमाल खाली टाकायचा. एकदा टाकला की जिन्यानं परत उतरायचं नाही, हा सुमनताईंचा नियम.

सुमनताई एके काळच्या उडीतल्या राज्यविजेत्या. वर्षानुवर्षं पाण्याचा मार बसून त्यांच्या डोळ्यांचे पडदे सरकले आणि दृष्टी गेली. आता रोज नुसत्या काठावर येऊन बसतात. हळहळ कुणी दाखवली तर म्हणतात, “पदकं हाताला लागतात की.” मुलीच्या डोळ्यांची तपासणी मी यादीत सर्वांत वर लिहिली आहे, पण तपासणीनं मार थोडाच चुकतो?

काल मुलगी पहिल्यांदा दहा मीटरच्या मनोऱ्यावर उभी राहिली. रुमाल माझ्या पायाशी पडला.

“टाकला का गं तिनं?” शेजारून ताईंनी विचारलं.

मी ‘हो’ म्हणेपर्यंत पाणी वाजलं. “सरळ गेली,” आवाजावरूनच त्या म्हणाल्या आणि समाधानानं हसल्या.

मुलगी डोळे चोळत वर आली. उडी कशी झाली, हे विचारायचं सोडून मी काठावर वाकले आणि म्हटलं, “मी दिसतेय ना तुला?”