तंबाखूच्या रकान्यातलं 'नाही'

हाड म्हणजे लाकूड आणि हाडांचा डॉक्टर म्हणजे शिकलेला सुतार, असं आमच्या केदारखेड्यात बऱ्याच जणांना वाटतं. मी जालन्यात दवाखाना टाकला तेव्हा "बाईमाणसाला हातोडा पेलंल का?" असंही विचारून झालं. हातोडा पेलतो. पण माझा जीव अडकला होता तो हाडाच्या जिवंतपणात. हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं नवं घडतं. मोडलं तर आपलं आपण सांधतं. आम्ही फक्त ते सरळ धरून ठेवतो. काही हाडं मात्र महिनोन्महिने सांधतच नाहीत. ती का सांधत नाहीत, हे शोधण्यात माझी निम्मी कारकीर्द आणि सगळ्या सुट्ट्या गेल्या.

शस्त्रक्रियेत निघालेले हाडाचे कण, पेशंटची परवानगी घेऊन, मी बर्फाच्या डब्यातून शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत न्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. वहीत प्रत्येक पेशंटचं एक पान: वय, आहार, साखर, तंबाखू. पुरुषांच्या पानांवर तंबाखूपुढं बहुतेक 'हो' असायचं. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं, हे ठाऊकच होतं. बायकांच्या पानांवर सगळीकडं 'नाही'. तरी त्यांची हाडं रेंगाळायची. मग मी पाण्याला दोष दिला, उन्हाला दिला, बाळंतपणांना दिला. त्यावर एक लांबलचक शोधनिबंध लिहून तयार ठेवला होता, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

अशात जाफराबादकडच्या एक मावशी पुन्हा दाखल झाल्या. गावच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या. जीप उलटून नडगी मोडली होती आणि आत सळई मीच घातली होती. सहा महिने झाले तरी एक्स-रेवर मोडीची काळी रेघ जशीच्या तशी. आता कमरेजवळचं हाड काढून तिथं भरायचं, म्हणजे पुन्हा कित्येक महिने अंथरूण.

"म्याडम, जूनमधी शाळा उघडती," त्या म्हणाल्या. "हेडमास्तर दुसरी बाई बघून राह्यले. तवर चुलीपुढं उभी न्हाई राह्यले तर माझं काम गेलं."

तेव्हा मार्च चालू होता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सकाळी लवकरच वॉर्डात गेले. मावशी कुबडी बगलेत धरून बेसिनपाशी उभ्या होत्या आणि बोटानं दात घासत होत्या. बोट काळंकुट्ट. मिसरी! तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड.

माझा आवाज चढला. "मावशी, तंबाखू खात नाही म्हणालात ना मला?"

"न्हाईच खात. बिलकुल न्हाई." त्या गोंधळून गेल्या. "उपाशी ऱ्हा म्हणलात, तर पाणी बी न्हाई घेतलं. हे तर दात घासून राह्यले."

"दिवसातून किती वेळा?"

"चार. पाच. न्हाई लावली तर मंग कामात मनच लागत न्हाई."

बाई खोटं बोलल्याच नव्हत्या. कपाळकरंटी मीच. घरात मिसरी भाजल्याचा ठसका लागून मी लहानपणी पाटी-दप्तर घेऊन अंगणात पळायचे, आणि इतकी वर्षं बायकांपुढं खुशाल 'नाही' लिहीत आले. मी शस्त्रक्रिया तीन महिने पुढं ढकलली, मावशींना मिसरी बंद करायला सांगितलं आणि तणतणत घरी गेले. माझी आई माझ्याकडंच राहते. ती ओट्यापाशी उभी होती.

"आई, तू तंबाखू खातेस?"

"मला काय येड लागलंय?" ती कडाडली. बोट तोंडातच होतं.

सगळा प्रकार ऐकून तिनं चूळ भरली. दुपारी मिसरीऐवजी चघळायला भाजलेल्या जवसाचा डबा घेऊन ती वॉर्डात गेली आणि मावशींच्या खाटेवर बसली. "मी बी सोडते, तू बी सोड," असं दोघींचं ठरलं. मावशी घरी गेल्यावर रोज संध्याकाळी दोघींचा फोन चालायचा. इकडं मी जुन्या पेशंट बायकांना एकेक करून बोलावलं आणि नव्यानं विचारलं, "दात कशानं घासता?" वहीतली 'नाही' भराभर खोडली गेली. शोधनिबंध मी पाठवला नाही. वाईट वाटलं, पण मनावरचं ओझंही उतरलं.

शाळा उघडायच्या आठवड्यात मावशी आल्या. एकट्या मिसरीनंच हाड अडलं होतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण नव्या एक्स-रेवर त्या काळ्या रेघेवर नव्या हाडाची साय धरली होती. इतक्या वर्षांत एक्स-रे बघून मी पहिल्यांदा रडले.

"जुळलं, मावशी. शाळेत जा."

मावशींनी फिल्मकडं पाहिलंही नाही. मुद्दाम त्यांना भेटायला आलेल्या माझ्या आईपुढं त्यांनी आपलं बोट धरलं. काळा डाग पार गेला होता.

"बघा आक्का, बराबर सोडली का न्हाई? आता तुमचं दावा."

आईनं हात पदराखाली घेतला.