एप्रिलमधली संक्रांत

नोकरीवरून काढलं असं समजून मी एकदा भर एप्रिलमध्ये तिळगुळाचा डबा घेऊन मालकिणीची मनधरणी करायला गेले होते. तेही काळी चंद्रकळा नेसून. हसा, पोटभर हसा. मीही हसतेच.

सांगलीहून निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीतून हात धरून आई म्हणाली होती, “परक्या मुलखात सणवार काढून बसू नकोस. हाताशी काम असलं की माणूस टिकतो.” चंद्रकळा मात्र बॅगेच्या तळाशी तिनंच कोंबली होती. आयांचं हे असंच.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतला पहिला हिवाळा मी खिडकीत काढला. हे ऑफिसात, घरात मी, बाहेर बर्फ. दुसऱ्या वर्षी जवळच्या थाई रेस्टॉरंटमध्ये भाज्या चिरायचं काम मिळालं आणि मी माणसांत आले. मालकिणीला सगळे ‘पी नॉय’ म्हणत. पी म्हणजे त्यांच्यात ताई. आठवडाभर मला वाटे, ही मंडळी सारखी कुणाला काय प्यायला सांगतायत! दिवाळी आली, संक्रांत आली, मी निमूट कामावर. सुट्टी मागितली आणि कायमचीच मिळाली तर? पुन्हा ती खिडकी नको होती मला.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी पी नॉयचा फोन आला. मागे भांड्यांचा खणखणाट. “उद्या येऊ नकोस. सोंगक्रान!” मी ऐकलं, संक्रांत. फोन ठेवला आणि रडायलाच लागले.

“अगं, एप्रिलमध्ये कसली संक्रांत?” हे म्हणाले.

“माझ्या नोकरीवर आलीय!”

मग काय, गोड बोला म्हणायला तिळगूळ केला. गूळ कुठला, ब्राउन शुगरचा पाक! एकेक लाडू असा, की फेकून मारला तर काच फुटावी.

दुसऱ्या दिवशी गेले तर दाराला कुलूप, मागच्या पार्किंगमधून हसण्याचे आवाज. तिकडे जाऊन “प्लीज, पी नॉय” एवढंच म्हणाले आणि अंगावर बादलीभर पाणी! मिनेसोटाचा एप्रिल तो, दात वाजायला लागले. म्हटलं, काढलं ते काढलं, वर धुऊनही काढलं!

त्यांचं नवं वर्ष होतं ते, एकमेकांना पाण्यानं भिजवून साजरं करायचं. सूर्य मेषेत शिरतो ती त्यांची संक्रांत; शब्दही आपलाच, नुसतं वळण बदललेलं. थायलंडमध्ये तेव्हा देशभर सुट्टी, म्हणून पी नॉयनं इथंही सरळ कुलूप घातलेलं. तिनं मला टॉवेल दिला, आपल्या म्हाताऱ्या आईच्या हातांवर सुगंधी पाणी घालायला लावलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली. एक अक्षर कळलं नाही, पण माझा जीव भांड्यात पडला. नोकरी होती! नुसती सुट्टी होती!

परवा जर्सी सिटीहून सुनेचा फोन आला, “आई, पाडव्याला मीटिंग आहे. कॅन्सल केली तर बरं दिसेल का?” म्हणून हे लिहायला बसले. सांगलीतलं घर आता आईशिवायचं आहे, आणि इथलं घर नेमकं कधी घर झालं, ते मला ठाऊक आहे. जिथं आपल्या सणाला पोटदुखीची थाप न मारता दांडी मारता येते, ते घर.

त्या दिवशी लाडूशी झटता झटता पी नॉयनं विचारलं होतं, “तुमची सोंगक्रान कधी?”

“झाली की, जानेवारीत.”

“काय केलंस मग?”

“इथंच होते. कांदे चिरत.”

तिनं लाडू खाली ठेवला. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून तिचं वाक्य जसंच्या तसं देते:

“नेक्स्ट इयर, युवर सोंगक्रान, यू कम टू वर्क, आय फायर यू!”