आपल्या चढाईला गप्प होणारे कंट्रोलरकाका

कबड्डीच्या सामन्यात आमच्या मंडळाचा गडी चढाईला गेला की कंट्रोलरकाका माइकवर एकदम गप्प व्हायचे. समोरच्या संघाची चढाई असली की तोंडाचा पट्टा चालू. कोण आला, कुठून शिरला, कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरायला कशी झेप घेतली, सगळं सांगणार. पण आपला गडी मध्यरेषा ओलांडून पलीकडं गेला की कर्ण्यातून नुसती खरखर. परगावचे पाहुणे विचारायचे, "लाइट गेली काय हो?" लाइट गेलेली नसायची. काका गड्याबरोबर दम धरून बसलेले असायचे. डोळे वटारलेले, मानेची शीर टरारलेली. गडी परत आला की ते फुस्सकन श्वास सोडायचे. तो आवाज कर्ण्यातून आधी यायचा आणि गुण मागाहून. मी एकदा म्हणालो, "काका, आपल्याच चढाईचं काही सांगत नाही तुम्ही." तर माझ्यावरच उखडले, "त्यानं तिकडं दम कोंडायचा आन् म्या हितं गप्पा हाणू व्हय रं?"

ते परंड्याच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर होते. सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात गेली. स्टँडासमोर माझं स्टेशनरीचं दुकान, त्यामुळं दिवसभर त्यांचा आवाज माझ्या कानावर असायचा. "कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे," असं म्हणून झालं की क्षणभर थांबून, त्याच सरकारी सुरात, "आपले मंडळ काल बार्शीत जिंकले आहे, हेही प्रवाशांनी ऐकून घ्यावे." एकदा हरलेल्या संघाच्या गावचा एक प्रवासी गाडीतून उतरून काकांच्या खिडकीशी भांडायला आला. भांडण रंगलं आणि तेवढ्यात त्याची गाडी निघून गेली. काकांनी त्याला चहा पाजला, पुढच्या गाडीत जागा धरून दिली, पण चहा पिताना कालची शेवटची पकड त्याला पुन्हा ऐकवलीच.

समालोचकानं तटस्थ असावं म्हणतात. काकांना तो शब्द मान्य नव्हता. "तटस्थ ऱ्हायला म्या काय दगूड हाय का?" असं ते पंचांच्या तोंडावर म्हणायचे. तरी त्यांच्याइतका खरा माणूस मी त्या मैदानावर पाहिला नाही. येडशीच्या संघाशी आमचा अंतिम सामना होता. शेवटच्या चढाईत आमचा हुकमी गडी दोघांना शिवून परत आला, मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि कर्ण्यातून काकांचा आवाज आला, "पंचसाहेब, आमच्या पोराचा पाय भायेर पडला व्हता." पंचांनी ते पाहिलंच नव्हतं. गुण गेले, सामना गेला. त्या दिवशी लोक त्यांना मारायलाच उठले होते. मीही चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? "काका, गप्प बसता आलं नाही तुम्हाला?" असं मी ओरडलो. ते म्हणाले, "आरं, आपला हाय म्हनूनच नजर त्याच्या पायावर व्हती. दिसलं ते गिळू कसं?" मग माइक बंद करून ते मंडपामागं गेले आणि उपरण्यात तोंड घालून लहान पोरासारखे रडले. घरी जाताना नेहमीचंच वाक्य, "आज ऱ्हायलं." हरलो हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

असा माणूस मंडळाला पुढं जड झाला. मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. ठेकेदार माणूस, कबड्डीशी संबंध एवढाच की मैदानाजवळ त्यांचा बंगला. किल्ल्याच्या बाजूच्या आमच्या मैदानातल्या मातीवर मॅट आली, दिवे आले, पाहुण्यांना सोफे आले. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, पोरांचे गुडघे वाचले. पण अध्यक्षांची अशी इच्छा होती की दर चढाईला त्यांचं आणि त्यांच्या साहेबांचं नाव माइकवरून जावं. स्पर्धेच्या पहिल्या संध्याकाळी काकांनी मान राखला. नावं घेता घेता दोन पकडी सांगायच्या राहून गेल्या. तेव्हा ते माइक हातात तसाच ठेवून सोफ्याकडे वळले, "अध्यक्ष, तुमी एकदा ठरवून सांगा. चढाई सांगू का तुमाला सांगू?" सगळं मैदान हसलं. अध्यक्षही हसले. असा माणूस हसला की समजावं, आता हा विसरणार नाही.

पुढच्या वर्षी बाहेरून निवेदक आला. चकचकीत जाकीट, दर दोन मिनिटांनी एक शेर, आणि आमच्या गड्यांची नावं एकाची दुसऱ्याला. काकांना कुणी कळवायचीही तसदी घेतली नाही. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नेहमीसारखे मंचाकडे गेले, खुर्चीवर दुसराच बसलेला पाहिला आणि आमच्यात येऊन बसले. सामना सुरू झाला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, काका पुटपुटतायत. हळू आवाजात, स्वतःशीच, पण सगळं समालोचन चाललेलं. आजूबाजूचे सरकून जवळ आले. मग मागच्या रांगेतले खाली उतरले. दुसऱ्या डावापर्यंत तिथं घोळकाच झाला. वर भोंगे बोंबलत होते आणि आम्ही माना खाली घालून म्हाताऱ्याचं ऐकत होतो. तेवढ्यात अध्यक्षांचा एक माणूस आला. "काका, जरा शांत बसा. निवेदक सरांना डिस्टर्ब होतंय."

मी उठलोच. त्या माणसाची गचांडी धरायची एवढंच बाकी होतं. काकांनी माझा शर्ट धरून खाली ओढलं. "मॅच बघ," म्हणाले. त्यांनी मात्र मॅच पाहिली नाही. थोड्या वेळानं चपला शोधून उठले आणि गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत.

घर मैदानापासून लांब नव्हतं. भोंग्याचा आवाज थेट ओसरीवर यायचा. स्पर्धेच्या दिवसांत काकू दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. मी भेटायला गेलो की काका गाड्यांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, कबड्डीचं नावच नाही. त्या वर्षी आपलं मंडळ पहिल्याच फेरीत बाहेर पडलं, हे मी मुद्दाम सांगितलं. "आज ऱ्हायलं," म्हणायचंही त्यांनी सोडलं होतं.

दिवाळीनंतर ते गेले. आजार म्हणावा असा काही नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते असेल खरं, माझा काही त्यावर विश्वास नाही. मातीला येडशीचे जुने गडी आले, जळकोटहून एक टेम्पो भरून आला. ज्यांना ते जन्मभर हरवायला बघत होते ती माणसं ओक्साबोक्शी रडत होती. आमच्या मंडळाकडून एक मोठा हार आला, त्यावर देणाऱ्याचं नाव ठळक.

मग मैदानावर शोकसभा. अध्यक्ष उशिरा आले, तोवर लोक ताटकळले. मंचामागं फलक होता. काकांचा वेगळा फोटो मंडळाला सापडला नाही म्हणे. कुठल्याशा सत्काराच्या फोटोतून त्यांना कापून घेतलं होतं आणि त्यांच्या खांद्यावर अध्यक्षांचा अंगठ्या घातलेला हात तसाच राहिला होता. भाषणात "आमचे काका", "मंडळाचा आवाज", "पोकळी" सगळं आलं. बोलता बोलता अध्यक्षांनी रुमालही काढला. शेवटी त्यांनी जाहीर केलं की यंदापासून स्पर्धा काकांच्या नावानं होणार, आणि काकूंना मंचावर बोलावून त्यांच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणे.

काकू आयुष्यात कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या. पदर सावरून त्यांनी माइककडं पाहिलं. "ह्यो त्यांना द्यायचा व्हता," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्यांचं नाव तुमच्या मॅचला देऊ नगासा." माइक टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरल्या. आम्ही काही पाठीराखे त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो. पाठीमागं भोंग्यावर अध्यक्ष सांगत होते, काकूंच्या भावना आपण सगळे समजू शकतो, त्यांचा होकारच आहे असं मी समजतो.

यंदा चषक झाला. नाव काकांचं, खाली सौजन्य अध्यक्षांचं. मी दुकान बंद केलं नाही, मैदानाकडं फिरकलो नाही. चषक येडशीनं जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडं बसलो होतो, तर दारात गाडी थांबली. येडशीचा कप्तान, मागं त्याचे दोन-तीन गडी. हातातला भलामोठा चषक त्यानं काकूंच्या पायाशी ठेवला. "काकू, ह्यो हितंच शोभतोय. कंट्रोलरकाकांच्या घरात ऱ्हाऊ द्या."

काकूंनी सगळ्यांना चहा दिला. कप्तानाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वाकून चषक उचलला आणि त्याच्या हातात परत दिला. "न्हे बाबा घरी. तुमी जिंकल्यालं ह्यांना कदीच सोसलं न्हाई."

कप्तान हसला आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. तो येडशीहून आला होता. आमच्या मंडळाचं मैदान त्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथलं अजून कुणी त्या दारात आलेलं नाही.