कानसेनाचा कान

गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणत. इंजिनाला कान लावायचा आणि दुखणं सांगायचं, हीच त्याची पद्धत. संगणक जोडून बिघाड शोधणाऱ्यांकडे बघून तो नाक मुरडायचा.

आज मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका शिक्षकांची गाडी चढाला दम टाकत होती, काळा धूर ओकत होती. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. ती वाटेत कुठे गळली की गाडीतलं बळच जातं. गळती शोधायची रीत साधी. पाइपाचं तोंड बंद करायचं, आत कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ऐकायचं. फाटका पाइप शिट्टी मारतो. काल त्याने कान लावला, शिट्टी नाही. "पाइप ठणठणीत आहेत सर, टर्बोच गेलाय," असं त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं.

तेव्हापासून मन खात होतं. सकाळी टर्बो उघडून बोटाने फिरवला, तर नव्यासारखा फिरला. बिचाऱ्यावर उगाच खापर फोडलं! मग शिट्टी का नाही? बायको हल्ली म्हणायची, दारावरची बेल वाजते आणि तुम्ही ढिम्म बसता. बेल भिकार आहे म्हणून या गड्याने दोनदा बदलली होती. आता ते त्याला आठवलं. कान गेला तर कानसेन उरला कुठे?

त्याने टर्बो परत बसवला, पाइपात हवा भरली आणि ज्याला तो आजवर हसत आला ते केलं. साबणाचं पाणी पाइपावर ओतलं. पाइप आवळणाऱ्या एका पट्टीखाली फेस भराभरा फुगला. रबर चिरलं होतं. सापडली! त्याला हायसं वाटलं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात सुटे भाग आणायला गेलेला मेहुणा आत आला.

"भाऊजी, साबण कशाला? शिट्टी पार फाटकापर्यंत ऐकू येतेय."

कानसेनाने मान वर केली नाही. "कशी वाजतेय?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अशी," म्हणून मेहुणा हसत पुढे आला आणि त्याने ओठांचा चंबू केला. त्याच्या गालांना खळगे पडले, मानेची शीर फुगली.

कानसेन त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

"अरे, वाजव की," तो म्हणाला.