जबलपूरला पाठवलेला वेग

इटारसी सुटलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. खिडकीबाहेर कापलेल्या गव्हाची रानं, मधेच मोहाचं एखादं झाड, आणि सगळीकडे एप्रिलची धूळ. समोरच्या बाकावरचे काका बोलके होते. "घूमने जा रहे हो?" म्हणाले. मी म्हटलं, "दोस्त से मिलने. तीस साल पुराना दोस्त है." "कितने दिन बाद मिलोगे?" "पहली बार." काका माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डबा उघडला आणि मला एक पुरी दिली, बहुधा कीव येऊन.

त्यांचं काही चुकलं नाही. गोष्टच तशी आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत थ्रॅश मेटल (गिटार-ड्रमचं सुसाट, कर्कश संगीत, आमच्या आईच्या भाषेत 'पत्रे बडवणं') पुण्यातसुद्धा धड मिळत नसे. शेजारचा एक जण जहाजावर होता, तो बाहेरून तबकड्या आणायचा. मी त्या माझ्या डेकवर, म्हणजे टेपरेकॉर्डरवर, कॅसेटींत भरून घ्यायचो आणि एका मासिकात ज्यांचे पत्ते छापून यायचे त्यांना टपालाने पाठवायचो. जबलपूरचा विनय मेश्राम त्यांतला एक. तो ड्रम वाजवायचा. 'ॲशपिट क्राउन' नावाच्या बँडची कॅसेट मी त्याला पाठवली आणि त्याच्या पत्रांना नुसता ताप चढला. इतकं जलद वाजवणारा माणूस जगात आहे, तर मीही वाजवणार, असं त्याने लाल शाईने लिहिलं होतं.

आता खरी गोष्ट. माझा डेक हळू फिरत होता. हळू फिरणाऱ्या डेकवर भरलेली कॅसेट दुसऱ्या, चांगल्या डेकवर लावली की गाणं पळायला लागतं. घरी त्याच हळू डेकवर ऐकत असल्यामुळे मला काही कळायचं नाही. कळलं ते एका मित्राच्या नव्या डेकवर. गाणं सैरावैरा धावत होतं आणि गायकाचा आवाज चिमटा काढल्यासारखा येत होता. त्याच आठवड्यात विनयचं पत्र आलं: रोज चार तास त्या कॅसेटबरोबर वाजवतो आहे, मनगट सुजलं आहे, पण सोडणार नाही. एक पोस्टकार्ड टाकलं असतं की काम झालं असतं. पण 'सतीशच्या कॅसेटी म्हणजे कॅसेटी' अशी माझी ख्याती होती ना गावोगावी! लाज वाटली. गप्प बसलो. पुढे पत्रंच थांबली.

गेल्या महिन्यात त्याने कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. "तुले थँक्यू म्हणायचं होतं रे," तो म्हणाला. "त्या कॅसेटनं मला माझी लायकी दाखवली. टाइमावर ड्रम विकून टाकले, नोकरी धरली. नाही तर भटकतच राहिलो असतो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या कॅसेटमुळे त्याने ड्रम सोडले, आणि वर माझेच आभार! त्याला समोर बसून सांगायचं, एवढ्यासाठी हा प्रवास.

जबलपूर स्टेशनाबाहेर तो स्कूटर घेऊन उभा होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, इस्त्रीचा शर्ट. मी मनात धरलेला केसाळ पोरगा कुठेच नव्हता. त्याने मिठी मारली ती डाव्या हाताने. उजव्या मनगटावर पट्टा होता. "बस मागे," म्हणाला, "घाबरू नको, मी फास्ट चालवत नाही." रांझीच्या बाजूने खमरियाला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, मग त्याच्या कारखान्याची एकसारखी पिवळी क्वार्टर्स. मागे बसून मी मनात वाक्य जुळवत होतो. क्वार्टरचं फाटक आलं तरी ते जुळलं नव्हतं.

विनयच्या बायकोने, संध्यावहिनींनी, पाटोडीचा रस्सा केला होता (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी, डोळ्यांतून पाणी काढते). "भाऊ, तुम्ही ते कॅसेटवाले ना?" त्यांनी विचारलं. "यांच्या तोंडी तुमचंच नाव असते." मी मान खाली घालून जेवलो. विनय भाकरी डाव्या हाताने मोडत होता. पाण्याचा गिलास त्याने दोन्ही हातांनी उचलला, लहान मुलासारखा. मी बघतो आहे हे त्याने बघितलं आणि हसला. "जुनं दुखणं आहे बे. तू रस्सा घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला सराफा बाजारात घेऊन गेला. दागिन्यांची दुकानं नुकती उघडत होती. तिथून जवळच आम्ही खोव्याची जलेबी खाल्ली (खोवा म्हणजे खवा, जलेबी काळसर, जड, दोन खाल्ल्या की पोट भरतं). पहिलीच जलेबी माझ्या पांढऱ्या शर्टावर पडली. दुकानदार म्हणाला, "भैया, ये दाग नहीं जाएगा." आणि खरंच गेला नाही. तिथे बाकड्यावर विनयने मला कॉलेजच्या गॅदरिंगची हकिगत सांगितली, मी न विचारता. त्यांचा बँड 'क्राउन'चं गाणं कॅसेटच्या वेगाने वाजवत होता. चौथ्या मिनिटाला मनगटातून कळ गेली, काठी उडाली, तो वाकून काठी शोधत राहिला आणि अख्खं सभागृह हुर्यो करत होतं. "पोट्टे अजूनही आठवण काढतात," तो म्हणाला. "जाऊ दे. प्रत्येकात तेवढा दम नसतो." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आणखी एक जलेबी मागवली. असा मी शूर!

रविवारी दुपारी राइट टाउनात श्रीकांत खेरच्या घरी जुनी मंडळी जमली. मंडळी म्हणजे दोघंच. श्रीकांत त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, आता शाळेत गणित शिकवतो. दुसरा तिवारी, 'व्हल्चर ट्रिब्यूनल' या दुसऱ्या बँडचा कट्टर भक्त. कॉलेजापासून या दोघांचं भांडण चालू आहे आणि चहा यायच्या आत ते सुरूही झालं.

"क्राउनइतकं जलद कोणी नाही. आजही नाही!" श्रीकांत म्हणाला.

"जलद तो ऑटोवाला भी चलाता है, मास्टरजी," तिवारी म्हणाला. "ट्रिब्यूनल में एक-एक चोट अलग सुनाई देती है. और तुम्हारा क्राउन अब नेट पे सुनो, उतना फास्ट है ही नहीं."

"अरे, कंपनीवाल्यांनी सीडी काढताना स्लो करून टाकलं ना! लोकांना झेपत नव्हतं म्हणून. ओरिजिनल स्पीड आमच्या कॅसेटमध्ये आहे. तिला जुळवायला मी तारा इतक्या ताणायचो की दर हप्त्याला एक तुटायची. ये बैठे हैं सतीशजी, पूछ लो इनसे."

कंपनीने स्लो केलं! तीस वर्षं हा हुशार गणिताचा मास्तर हे मानत आला होता, माझ्या डेकवर शंका घेण्यापेक्षा.

तिवारी विनयकडे वळला. "तू बता. वो स्पीड आदमी के बस की थी क्या?"

"आदमीच वाजवून राहिला होता ना," विनय शांतपणे म्हणाला. "मला नाही जमलं. बात खतम."

मग मला राहवलं नाही. "नव्हता वाजवत," मी म्हणालो. "त्या वेगाने कोणीच वाजवलेलं नाही. माझा डेक खराब होता." आणि डेकचं सगळं सांगून टाकलं. कळलं कधी, तेवढं मात्र गाळलं. श्रीकांत दोनदा "क्या बात कर रहे हो यार" म्हणाला. तिवारीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो कपाकडे बघत बसला.

विनय म्हणाला, "खरं कसं आहे ते लाव."

एवढ्या वर्षांत त्याने ते गाणं पुन्हा ऐकलंच नव्हतं. मी श्रीकांतच्या स्पीकरवर लावलं. विनयची बोटं सोफ्याच्या लाकडी हातावर वाजायला लागली, पाय फरशीवर. चौथं मिनिट आलं आणि गेलं. सगळे तोडे, सगळे थांबे त्याला पाठ होते, आणि तो कुठेही मागे पडला नाही. शेवटच्या ठोक्यावर गाणं आणि त्याचे हात एकदमच थांबले.

"हे तर मला येत होतं," तो म्हणाला. "हे मी दसऱ्यालाच बसवलं होतं रे. मग उरलेल्या स्पीडसाठी..." त्याने उजवं मनगट डाव्या हातात धरलं. श्रीकांत उठून आत गेला. त्याला रडू आलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडीवर सोडायला विनय आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. संध्यावहिनींनी बांधून दिलेला डबा त्याने माझ्या हातात ठेवला.

"एक विचारू? तुला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'आत्ता गेल्या वर्षी' म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं. "तुझं मनगट सुजल्याचं पत्र आलं," मी म्हणालो, "त्याच आठवड्यात."

"म्हणजे गॅदरिंगच्या आधी."

"हो."

"काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

त्याने मान हलवली. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "माफ कर विनय."

"माफ करतो ना," तो म्हणाला. "त्यात काय. पण कसं आहे, इतकी वर्षं मला माहीत होतं की आपल्यात नव्हतं. आरामात होतो मी. आता रोज सकाळी उठल्यावर माहीत राहील की होतं. त्याचं मी काय करू, तेवढं सांगून जा."

गाडी हलली. मी डबा धरून दारात उभा होतो. तो हात न हलवता उभा राहिला, मग वळून गर्दीत गेला. नरसिंगपूर गेलं, पिपरिया गेलं, मी डबा उघडला नाही. लोक प्रवासाहून काहीतरी घेऊन येतात म्हणतात. मी तीस वर्षं छातीवर बाळगलेलं काहीतरी तिथे ठेवून आलो, आणि ठेवलं तेही त्या एकाच माणसाच्या दारात, ज्याला ते झेपणार नव्हतं. खरं सांगणं चांगलंच असतं असं मी समजत होतो. वेळेवर सांगितलं असतं तर चांगलं होतं. आता सांगितलं ते त्याच्यासाठी नव्हतंच.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा बायको चहा ठेवत होती. जबलपूर कसं आहे, शर्टाला हे काय लागलं, असं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "बोललात ना एकदाचं? हलकं वाटलं?"

"वाटलं," मी म्हणालो, आणि मला माझीच किळस आली.