गोदामाचं नाक

आमच्या जाऊबाईंना गोदामात सगळे ‘नाक’ म्हणायचे. त्यांना राग नव्हता, उलट मिरवायच्या. गॅसचे भरलेले सिलिंडर आले की त्या प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून वास घ्यायच्या. गळत असेल तर बाजूला, नसेल तर माझ्याकडे. मी बूच बसवून सील लावायची. गोदामात वास तसा कायमचाच. तो नेमका कुठल्या सिलिंडरचा, हे ओळखणं त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गळका सिलिंडर कोणाच्या घरी गेला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. बऱ्या झाल्यावर एका दुपारी दूध करपलं. मी मोरीतून धावत आले, तर जाऊबाई शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर, तिच्याकडे पाठ करून निवांत भाजी निवडतायत.

"अहो जाऊबाई, दूध!"

"काय झालं दुधाला?"

मग वळून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. माझा हात धरून म्हणाल्या, "बोलू नकोस कोणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. येईल परत वास."

कसला येतोय. कांदा, रॉकेल, अत्तर, सगळं हुंगून झालं. डॉक्टर म्हणाला, वाट बघा. आणि मी गप्प बसले. घर आमच्या दोघींच्या पगारावर चालायचं, हे एक. आणि थोरल्या जावेचं नाक मी कापायचं कसं, हे दुसरं.

त्या पूर्वीसारख्याच वाकायच्या, मान हलवायच्या. मी बूच लावण्याआधी चोरून साबणाचा फेस लावून बघायची. बुडबुडे आले तर त्यांना कोपर मारायची. पण ट्रक उशिरा आला, तासाभरात तीनशे सिलिंडर काढायचे असले, की चारातल्या एकालाच फेस लागायचा. बाकीचे देवाच्या हवाली. रस्त्यावरून आगीचा बंब गेला की भोंगा लांब जाईपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही. घरच्या सिलिंडरला मात्र मी तीन-तीनदा फेस लावायची. सांगायला लाज वाटते, पण लावायची.

मग एक यंत्रवाला गळती तपासायचं यंत्र दाखवायला घेऊन आला. टॉर्चएवढं, गॅस लागला की वाजणारं. हमालांनी चिडवायला सुरुवात केली, "गेलं हो तुमचं नाक!" लोकांना वाटतं, सुधारणा आली की पोटावर पाय येतो म्हणून माणूस घाबरतो. आम्ही तर देव पाण्यात घालून तिची वाट बघत होतो. "सुटलो गं," जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या.

पण मालक पडला नाकाचा भक्त. स्वतःचं नाक तपकिरीने कधीच बाद झालेलं, त्यामुळे भक्ती जास्तच. म्हणाला, "आधी बाईंशी ताडून बघू. जमलं तर ठेवू, नाहीतर परत."

दहा सिलिंडर मांडले. सगळ्यांची नजर आमच्यावर, फेस कुठून लावणार? जाऊबाईंनी दहाही हुंगले आणि दहाही चांगले ठरवले. यंत्र सातव्यावर वाजलं. पुन्हा लावलं, पुन्हा वाजलं.

मालक खदखदून हसला. "बावीस वर्षांचं नाक खोटं आणि हे डबडं खरं? भरा पेटीत."

यंत्रवाला पेटी आवरू लागला. हमालाने सातवा सिलिंडर आडवा करून टेम्पोकडे लोटत नेला. मी खाली मान घालून हातातलं बूच पुसत राहिले.

जाऊबाई हमालाच्या आडव्या उभ्या राहिल्या. "यंत्र खरं आहे. मला आठ महिने वास येत नाही."

मालक मटकन स्टुलावर बसला. मग फोन करून वाटेवरचे सगळे टेम्पो परत बोलावले; सिलिंडर गेलेल्या घरोघरी माणसं पाठवायला सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "हे आणखी कोणाला ठाऊक होतं?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणालाच नाही. जावेलाही नाही."

मालकाने यंत्र पेटीतून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "मग आजपासून हे तू सांभाळ. निदान तुझ्यावर तरी विसंबता येईल."

मी हात पुढे केला आणि ते घेतलं.